देवाच्या पैशावरील तुळशीपत्र

श्रीकृपेने आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्णत्वास गेला. कोणी रोख रक्कम दिली, कोणी सिमेंट-वाळू दिली, कोणी पायलीभर धान्य आणून टाकले, तर ज्यांच्याजवळ काहीच नव्हते त्यांनी अंगमेहनत दिली. गाव करील ते राव काय करील, ही म्हण खरी ठरली. या स्मरणिकेत देणगीदारांची नावे छापली आहेत ती याच कृतज्ञतेपोटी. परंतु आनंदाच्या या प्रसंगी एका गोष्टीचा विचार होणे अगत्याचे आहे. देऊळ एका पिढीत बांधून होते. ते सांभाळायला मात्र पुढच्या अनेक पिढ्या लागतात. आणि सांभाळणे म्हणजे नुसते झाडलोट करणे व घंटा वाजविणे नव्हे. सांभाळणे म्हणजे देवाच्या नावाने आलेल्या पैशाची राखण करणे होय.

देऊळ पावसाने पडते असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. पावसाळ्याआधी चार कौले बदलायला पैसा नसतो, म्हणून ते पडते. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी देवळे बांधली तेव्हा दिवाबत्तीसाठी व पूजा-नैवेद्यासाठी जमिनी लावून दिल्या. महसूल खात्याच्या दप्तरात गाव नमुना ३, म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही असते. ती उघडली की गावोगावच्या देवस्थान इनामांच्या नोंदी आजही वाचावयास मिळतात. शेत नोंदीला आहे, शेतात पीक आहे. पण कित्येक ठिकाणी देवापुढे दिवा नाही. असे का झाले? तळे राखील तो पाणी चाखील, हे लोकांनी मान्यच केलेले आहे. परंतु राखणाराच जेव्हा तळे आपले समजू लागतो, तेव्हा गाव तहानलेले राहते.

म्हणजे प्रश्न पैसा किती आहे एवढाच नाही. ज्यांच्या हाती तो आहे ते त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, यावर संस्थेचे भवितव्य अवलंबून असते. महाराष्ट्राच्या इतिहासात याचे दाखले ठायी ठायी सापडतात. त्यांतील काही येथे पाहू.

खासगी आणि दौलत

जीर्णोद्धार म्हटला की पहिले नाव पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे घ्यावे लागते. नगर जिल्ह्यातील (आजचा अहिल्यानगर जिल्हा) चौंडी या गावी १७२५ साली त्यांचा जन्म झाला. काशीचे विश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० साली पुन्हा उभे केले. वेरूळचे घृष्णेश्वर, सोमनाथ येथील नवे मंदिर, आणि देशभरातील घाट, विहिरी व धर्मशाळा ही त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु या सर्व कामांना पैसा कोठून आला, हे फारसे कोणी सांगत नाही.

होळकरांच्या राज्यात उत्पन्नाचे दोन भाग होते. एक दौलतीचे व दुसरे खासगीचे. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना १७३४ साली खासगीची स्वतंत्र जहागीर मिळाली होती. तीच पुढे अहिल्याबाईंकडे आली. फौजेचा व राज्यकारभाराचा खर्च दौलतीतून आणि आपला दानधर्म खासगीतून, अशी शिस्त त्यांनी पाळली. रयतेचा कर घेऊन आपल्या नावाने पुण्य जोडावे, असे त्यांनी केले नाही.

त्यांची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. मल्हारराव १७६६ साली वारले व पुढच्याच वर्षी मालेरावही गेले. तेव्हा राघोबादादांची नजर होळकरांच्या खजिन्यावर गेली. सांगतात की अहिल्याबाईंनी निरोप धाडला : या द्रव्यावर तुळशीपत्र ठेवून ते धर्मकार्यास वाहिले आहे; ब्राह्मण या नात्याने दान म्हणून संकल्पपूर्वक हवे असल्यास जरूर घ्यावे. दादासाहेब काय समजायचे ते समजले.

तुळशीपत्र ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या घरातील आयाबायांनाही माहीत आहे. ज्या वस्तूवर तुळशीपत्र ठेवले तिच्यावरचा आपला हक्क संपला. दुसरी गोष्ट अशी की ती वस्तू टाकूनही दिलेली नसते. ती देवाची होते. म्हणून आपल्या वस्तूपेक्षा अधिक जपावी लागते. सार्वजनिक पैशाचे सर्व शास्त्र या एका पानात आहे. जेथे पुढारी तो पैसा ‘माझा’ मानतो तेथे संस्था बुडते. आणि जेथे सगळे मिळून तो ‘कोणाचाच नाही’ असे मानतात, तेथेही ती बुडते. दोन्ही ठिकाणी तुळशीपत्र वाऱ्याने उडून गेलेले असते.

अहिल्याबाईंनी आणखी एक दूरदृष्टी दाखविली. नुसती मंदिरे बांधून त्या थांबल्या नाहीत. पूजाअर्चेला व अन्नछत्रांना त्यांनी वार्षिक नेमणुका लावून दिल्या. कळस चढविण्याच्या दिवशीच पुढच्या वर्षाच्या तेलवातीचा विचार त्यांनी केलेला होता.

निर्लोभी माणसेही भांडतात

पुढारी निर्लोभी असला की सर्व काही ठीक चालते, असा एक भाबडा समज आहे. पुण्यातील एका थोर संस्थेचा इतिहास या समजास छेद देतो. विष्णुशास्त्री चिपळूणकर, लोकमान्य टिळक आदी मंडळींनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढले. लवकरच आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. सरकारी नोकरीत सहज मोठे पगार मिळविले असते अशा या विद्वानांनी संस्थेचे आजीव सभासद होऊन महिना अवघ्या पंचाहत्तर रुपयांवर काम करण्याचे पत्करले. यांपैकी कोणावरही पैशाच्या लोभाचा आरोप करता येणार नाही.

तरीसुद्धा वाद झाला, आणि त्यातील एक मोठे कारण पैसाच होते. आजीव सभासदांनी संस्थेच्या वेतनावर भागवावे, सर्व वेळ संस्थेला द्यावा व बाहेर अर्थार्जनाचे उद्योग करू नयेत, असा टिळकांचा आग्रह होता. संसाराची ओढाताण सोसणाऱ्या इतर सभासदांना हा नियम जाचक वाटला. सामाजिक मतभेद व स्वभावभेद ही कारणेही होतीच. अखेर १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले. ज्यांनी बरोबरीने पाया घातला त्यांची ताटातूट झाली.

कोण बरोबर व कोण चूक, हा निवाडा येथे करावयाचा नाही. बोध एवढाच की, त्यागी माणसांनीही पैशाचे नियम सुरुवातीलाच स्पष्ट ठरवून कागदावर आणावेत. कोणाला काय मिळेल, काय मिळणार नाही, कोणता खर्च कोण करील, हे मोघम ठेवले की गैरसमज वाढतात. ‘आपली माणसे आहेत, लिहून कशाला ठेवायचे?’ हे वाक्य गोड खरे. पण गावोगावच्या मंडळांत पुढे जी कटुता येते, तिचे बी बहुधा याच वाक्यात असते.

मागण्याची लाज नाही, हिशेबाचा कंटाळा नाही

टिळक गेल्यावर १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यासाठी एक साधा, अबोल माणूस आला. हे होते धोंडो केशव कर्वे. कोकणात दापोली तालुक्यातील मुरूड हे त्यांचे गाव. गावच्या सार्वजनिक कामांसाठी वर्गणी जमविण्याचा ‘मुरूड फंड’ त्यांनी उभा केला होता. तेव्हा मागण्याचा व जपण्याचा धडा त्यांनी आधी गावच्या पैशावरच गिरविला होता, असे म्हणता येईल.

१८९६ साली त्यांनी विधवा स्त्रियांच्या शिक्षणासाठी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. समाज विरोधात होता. स्वतः पुनर्विवाह केल्यामुळे त्यांच्या वाट्याला बहिष्कारही आला होता. अशा माणसाला देणगी कोण देणार? परंतु अण्णासाहेब दारोदार गेले. जो जे देईल ते घेतले. चार आणे असोत वा चारशे रुपये, दोन्ही वहीत सारख्याच काळजीने लिहिले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथे जागा दिली आणि १९०० साली तेथे आश्रमाची झोपडी उभी राहिली. दिवसा कॉलेजात शिकवावयाचे आणि मग पायी चालत हिंगण्याला जावयाचे, असा त्यांचा क्रम होता. स्वतःच्या आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी आश्रमाच्या नावे करून दिली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पदरमोड करणारे पुढारी गावोगाव असतात. अडचणीच्या वेळी ते खिशात हात घालतात, हे त्यांचे मोठेपणच. पण पुष्कळदा तो पैसा ना देणगी म्हणून लिहिला जातो, ना उसनवार म्हणून. दहा वर्षांनी मग ‘संस्था मीच चालविली’ हा शब्द निघतो आणि संस्था त्यांच्या घरची होऊन बसते. अण्णासाहेबांनी जे दिले ते कायदेशीरपणे, कागदावर, संस्थेच्या नावे दिले. दिल्यावर ते परत आपले मानले नाही. याचेच नाव तुळशीपत्र.

१९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले तेव्हा विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली व विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले. त्या काळी पंधरा लाख म्हणजे केवढी रक्कम, हे सांगणे न लगे. पण एवढा पैसा आल्यावर अण्णासाहेबांचे धोतर बदलले नाही की चालणे थांबले नाही. १९३६ साली वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी नवे मंडळ काढले. त्यासाठी पहिली वर्गणी त्यांनी स्वतःची घातली : सत्तर रुपयांच्या मासिक पेन्शनीतून दरमहा पंधरा रुपये. दुसऱ्याकडे मागण्याआधी आपला आकडा वहीत लिहावयाचा, ही त्यांची रीत होती. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले आणि १९६२ साली एकशे चार वर्षांचे आयुष्य पुरे करून ते गेले. त्यांच्या संस्था आजही उभ्या आहेत.

मूठभर धान्याची ताकद

साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी वेगळी वाट चोखाळली. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकणारा हा माणूस. व्यवहार त्याला चांगला कळत होता. त्यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. सर्व जातींची मुले एकत्र राहतील असे वसतिगृह त्यांनी साताऱ्यात चालविले. १९२७ साली महात्मा गांधींनी त्याला भेट दिली.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या संस्थेची खरी आई होत्या. वसतिगृहात मुलांना शिजवून घालावयास धान्य उरले नाही, तेव्हा त्यांनी एकेक करून अंगावरचे दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही दिले. हा प्रसंग सांगताना आजही डोळे पाणावतात. परंतु भाऊराव हे जाणून होते की एका माऊलीच्या दागिन्यांवर संस्था कायमची चालत नाही. म्हणून त्यांनी मुष्टिफंडाची योजना आखली. दळण-कांडण करताना घरातील बाईने मूठभर धान्य संस्थेसाठी बाजूला काढावयाचे. शिवाय मुलांनी श्रम करून शिकावयाचे. ‘कमवा व शिका’ ही योजना त्यातूनच आली.

मूठभर धान्याची किंमत ती काय? पण ज्या घरातून मूठ निघते त्या घराला संस्था आपली वाटते. या गोष्टीची कसोटी लवकरच लागली. १९४८ साली भाऊरावांच्या परखड बोलण्यामुळे सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले. गावोगावच्या शाळा व शिक्षक संकटात सापडले. एकाच हाताकडे पाहणाऱ्या संस्थेने तेव्हा दार लावून घेतले असते. रयत संस्था मात्र रयतेच्या आधारावर तग धरून राहिली. पुढे संत गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले.

भाऊरावांबद्दल आणखी एक गोष्ट सांगतात. साताऱ्याच्या कॉलेजला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव होते. ते बदलून आपल्या पसंतीचे द्यावे, मग मोठी देणगी देतो, असे एका धनिकाने सुचविले. भाऊरावांनी ती देणगी नाकारली. कर्व्यांनी देणगीदाराच्या मातोश्रींचे नाव स्वीकारले, तर भाऊरावांनी नाव बदलण्यास नकार दिला. दोघेही आपापल्या जागी योग्यच होते. विद्यापीठाला मातोश्रींचे नाव दिल्याने स्त्रीशिक्षणाचा हेतू ढळला नाही. महाराजांचे नाव पुसले असते, तर ज्या रयतेने मूठ-मूठ धान्य दिले तिला दिलेला शब्द मोडला असता. देणगी मोठी की लहान हे नंतर पाहावे. ती घेतल्याने संस्थेचा हेतू ढळतो की काय, हे आधी पाहावे.

खापर डोक्यावर, लाखोंचा कारभार

ज्यांच्या शब्दावर अनुदान परत आले, ते गाडगे महाराज म्हणजे या साऱ्या विचाराचा कळसच. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, डोक्यावर खापर, हातात खराटा. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या माणसाने पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. कीर्तनाला हजारो माणसे लोटत आणि पैशांचा ओघ लागे. बाबा मात्र स्वतःजवळ पैसा ठेवीत नसत.

येथेच पुष्कळांची गफलत होते. बाबा पैशापासून अलिप्त होते, म्हणून त्यांना पैशाची पर्वा नव्हती असे वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. लोकांच्या पैशाची त्यांना इतकी पर्वा होती की तो त्यांनी स्वतःच्याही हाती राहू दिला नाही. धर्मशाळांचे त्यांनी रीतसर ट्रस्ट केले, त्यांवर विश्वासू माणसे नेमली आणि नात्यागोत्याचा हक्क ठेवला नाही. त्यांची पत्नी व मुलगी साध्या झोपडीत राहिल्या. बाबांची माणसे म्हणून धर्मशाळेत त्यांना मान वा जागा मिळू दिली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मुलांच्या शिक्षणाला तिचा अधिक उपयोग होईल असे दिसताच एवढी वास्तू देऊन टाकली. १९५२ साली गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि १९५६ साली बाबांनी देह ठेवला. वारसाहक्काचे भांडण व्हावे असे त्यांच्यामागे काही उरलेच नव्हते. उरल्या त्या धर्मशाळा, शाळा आणि रुग्णांच्या नातेवाइकांना आसरा देणाऱ्या जागा.

कर्ज काढून सण करू नका, देवाच्या नावाने उधळपट्टी करू नका, तो पैसा मुलांच्या शिक्षणाला लावा, असे बाबा कीर्तनातून पोटतिडकीने सांगत. त्यांनी स्वतः देऊळ बांधले नाही, ही गोष्ट मंदिराच्या स्मरणिकेत लपविण्याचे कारण नाही. उलट बाबांचा खराटा ज्या देवळाच्या अंगणात आणि हिशेबाच्या वहीत दोन्हीकडे फिरतो, त्या देवळाला त्यांचा आशीर्वादच लाभेल.

कायदा आणि मन

या थोरांनी जे स्वभावाने केले, ते सर्वांकडून व्हावे म्हणून पुढे कायदा झाला. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० सालचा. आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. देवस्थानाची नोंदणी करावी, किर्द-खतावणी ठेवावी, हिशेब तपासून घ्यावेत, विश्वस्त बदलला की बदल अर्ज द्यावा, धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून देवाची जमीन विकू नये, ही त्यातील मुख्य कलमे. नियम चांगले आहेत. पण कायदा वही तपासतो. वही लिहिणाऱ्याचे मन तपासीत नाही. खोट्या पावतीलाही शिक्का असतोच.

म्हणून गावकऱ्यांनीच काही गोष्टी ठरवाव्या लागतात. दरवर्षी यात्रेच्या दिवशी सभामंडपात जमाखर्च मोठ्याने वाचावा. प्रश्न विचारणाऱ्याला वैरी मानू नये. तो देवाचाच राखणदार आहे. शिलकेतून एक रक्कम दुरुस्तीसाठी कायम बाजूला ठेवावी आणि ती उत्सवाच्या भरात मोडू नये. ज्याची फरशी बसली त्याचे नाव फरशीवर राहील. हक्क मात्र सर्व गावाचा राहील. खर्चास भिऊन पैसा नुसता साठवीत बसणे हाही दोषच आहे. छत गळत असताना बँकेतील ठेव वाढत असेल, तर ती काटकसर नव्हे.

कलशाचे सोने उन्हात चमकते, ते सर्वांना दिसते. देवळाच्या कपाटातील हिशेबाची वही कोणाला दिसत नाही. परंतु आजपासून पन्नास वर्षांनी, आज ज्यांनी पायलीभर धान्य दिले त्यांची नातवंडे या पायऱ्या चढतील, तेव्हा त्यांच्या माथ्यावर छत असेल की नाही, हे त्या वहीवरून ठरणार आहे. ग्रामदैवत सर्वांना सुबुद्धी देवो आणि त्या वहीवरील तुळशीपत्र सदैव ताजे राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.